जीके सराव ॲपचा वर्षाचा पॅक: सात-आठ महिने रोज वापरल्यावर

पॅक घेतला गणपती झाल्यावर, म्हणजे आता सात-आठ महिने तरी झाले रोज वापरतोय, आणि अभ्यासिकेत दर दोन दिवसाला कोण ना कोण विचारतंय की घेऊ का नको, म्हणून एकदाच बसून सगळं टाइप करतो. ॲपचं नाव टाकत नाही, असली पाच-सहा ॲप्स हायत आणि आतला माल जवळजवळ सेम, प्रश्नसुद्धा एकमेकांचे उचललेले दिसतात. त्यामुळं मी लिहितोय ते तुमच्याकडच्या ॲपला पण बऱ्यापैकी लागू पडेल.

आधी माझं सांगतो. मेन टार्गेट पोलीस शिपाई, जोडीला एमपीएससीची कंबाईन (संयुक्त परीक्षा) गट क, आणि रेल्वेचा फॉर्म भरलाय कारण रूमवरच्या सगळ्यांनी भरला. राहायला कोल्हापुरात, सकाळी युनिव्हर्सिटीत पळायला, मग राजारामपुरीत अभ्यासिका, रात्री परत मोबाईल. गणित-बुद्धिमत्ता ठीक आहे, जीके म्हणजे सामान्य ज्ञान कच्चं होतं. पोलीस भरतीच्या लेखीला १०० प्रश्न, १०० मार्क, ९० मिनिटं, त्यात अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण आणि जीके-चालू घडामोडी. गणिताचा एक प्रश्न दीड-दोन मिनिटं खातो, जीकेचा दहा सेकंदात येतो नाहीतर येतच नाही. म्हणजे जीके पटापट सुटलं की वाचलेला वेळ गणिताला मिळतोय, सगळा हिशोब हा आहे, जीकेचे मार्क तेवढे बघू नका.

आता भारी काय ते. खरं सांगायचं तर अख्ख्या पॅकमध्ये पैसे वसूल करणारी एकच गोष्ट आहे, ‘चुकलेले प्रश्न’ हा टॅब. चुकला की प्रश्न तिथं जाऊन पडतो, दोन-तीन दिवसांनी परत विचारतो, बरोबर आला तर आठवड्यानं, मग अजून लांब, आणि ओळीनं तीनदा बरोबर आल्याशिवाय यादीतनं निघत नाही. सुरुवातीला लय कटकट वाटते. पण महिना-दीड महिन्यानं ती यादी नुसती वरनं खाली वाचली तर कळतंय की आपण नक्की कुठं झोपतोय. माझ्या यादीत निम्मा विदर्भ होता! कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा, ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, हे कोल्हापूरच्या पोराला शिकवायला लागत नाही, पण वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते इथं माझा दर वेळी गोंधळ. घाटांचं पण तेच, आंबा घाट कोल्हापूर-रत्नागिरी, कुंभार्ली कराड-चिपळूण हे एसटीनं फिरून पाठ झालंय, माळशेज आणि थळ घाट आले की फेकाफेकी. राधानगरी राज्यातलं पहिलं अभयारण्य, तिथं गवा, हे डोळे झाकून, आणि राष्ट्रीय उद्यानांत गुगामल अमरावतीत, नवेगाव गोंदियात, हे मात्र कितीदा तरी चुकलं. क्लासमध्ये सर अख्खा महाराष्ट्र सारख्याच स्पीडनं शिकवतात, तिथं तुमचा नेमका विदर्भ कच्चा आहे हे कोण सांगणार.

(अवांतर: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पुराची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आपल्याकडं शेंबड्या पोराला पण पाठ असतंय, जुलै आला की रोज तेच ऐकतोय ना. त्यावर प्रश्न मात्र मला अजून एकदाही आलेला नाही.)

स्पष्टीकरणं मिक्स आहेत. पंचायत राजचं चॅप्टर खरंच चांगलं केलंय, केंद्राच्या समित्या वेगळ्या आणि राज्याच्या वेगळ्या असा तक्ता दिलाय, बलवंतराय मेहता १९५७, अशोक मेहता १९७७ एका बाजूला, आणि वसंतराव नाईक १९६०, बोंगिरवार १९७०, बाबूराव काळे १९८०, पी. बी. पाटील १९८४ दुसऱ्या बाजूला. दोन मेहता आणि दोन बाजू एकदा वेगळ्या झाल्या की ७३ वी घटनादुरुस्ती, ती लागू झाल्याची २४ एप्रिल १९९३, राज्यात जिल्हा परिषदा चालू झाल्याची १ मे १९६२ हे सगळं आपोआप जागेवर बसतंय. शाहू महाराजांच्या प्रश्नांत पर्याय पण डोक्यानं टाकलेत, जन्म २६ जून १८७४ आणि ५० टक्के आरक्षणाचा आदेश २६ जुलै १९०२, मग पर्यायात मुद्दाम जून-जुलैची अदलाबदल. शाहू महाराजांचा पुतळा आहे त्या दसरा चौकातनं रोज जाणारी पोरं पण तिथं घसरतात, मी बघितलंय. माणगाव परिषद १९२०, सक्तीचं प्राथमिक शिक्षण १९१७, सगळं नीट आहे. आणि मग इतिहास सोडून विज्ञानात गेलात की स्पष्टीकरणाच्या जागी ‘योग्य उत्तर: पर्याय २’, संपला विषय. अरे ते तर मला हिरव्या रंगात दिसतंयच की.

आता शिव्या घालायचा भाग, चालू घडामोडी आणि अपडेट. जाहिरातीत ‘रोज अपडेट’ लिहिलंय, रोज दहा नवीन प्रश्न येतात ते खरंय, पण जुन्या साठ्याला कोणी हात लावत नाही. नवीन टेस्टमध्ये एक उत्तर आणि जुन्या प्रश्नसंचात दुसरंच! मुंबई उच्च न्यायालयाची खंडपीठं विचारल्यावर नागपूर, औरंगाबाद, पणजी एवढंच, आणि इथं १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर हॉस्पिटलसमोर सर्किट बेंच चालू आहे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याला जोडलेत, त्यासाठी वकिलांनी कित्येक वर्षं आंदोलनं केली, आणि ॲपवाल्याला पत्ता नाही. बरं यात खरा डाव वेगळाच आहे, ते सर्किट बेंच आहे, कायमचं खंडपीठ नाही, पेपर काढणारा नेमकं तिथंच धरणार, आणि असला प्रश्न ॲपमध्ये कुठंच नाही. जागतिक वारसा स्थळं भारतात ४३ यावर गाडी अडकलेली, जुलै २०२५ मध्ये १२ किल्ले मिळून ४४ वं स्थळ झालं, त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, आणि त्या अकरात आपला पन्हाळा! अभिजात भाषा सहाच दाखवतंय, ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी, पाली, प्राकृत, आसामी, बंगाली धरून अकरा झाल्या. उस्मानाबाद, अहमदनगर ही जिल्ह्यांची जुनी नावं अजून तशीच. रामसर स्थळांचा (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांचा) आकडा तर मी ॲपमधनं वाचायचंच सोडलं, तो सारखा वाढतोय, तो पेपरच्या आधी ताजा बघायचा.

आणि पोलीस भरतीवाल्यांनी हे तर नक्कीच वाचा. कायद्याचे प्रश्न अजून आयपीसीवर, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेवर आहेत. खुनाला ३०२, फसवणुकीला ४२०. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता चालू झाली, खुनाची शिक्षा आता कलम १०३, फसवणूक ३१८. जुन्यात ५११ कलमं, नवीनमध्ये ३५८. (महाराष्ट्रात तालुके पण ३५८, मी दोन्ही एकत्रच लक्षात ठेवलंय.) नागरिक सुरक्षा संहिता ५३१ आणि साक्ष्य अधिनियम १७०, हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि ॲपमधला कायद्याचा जुना संच सरळ सोडून द्या, तो सोडवला तर चुकीचं पाठ होतंय आणि ते नंतर पुसायला डबल मेहनत.

चुकीच्या उत्तरांचं वेगळं दुखणं आहे. खाशाबा जाधवांचं जन्मगाव कोल्हापूर दाखवलंय. ते कराडजवळच्या गोळेश्वरचे, सातारा जिल्हा. कोल्हापूरशी संबंध शिक्षणाचा आणि कुस्तीचा, राजाराम कॉलेजचे ते, १९४८ ला लंडनला जायला मदत इथल्या महाराजांनी केली, ब्राँझ १९५२ ला हेलसिंकीत. मी रिपोर्ट केलं, स्क्रीनशॉट जोडला, ‘आमची टीम तपासत आहे’ असा मेसेज आला, आणि मग कितीतरी आठवडे काही नाही. शेवटी बदललं, पण एकाच टेस्टमध्ये, दुसऱ्या संचात तेच चुकीचं उत्तर अजून आहे. कोल्हापूरचं म्हणून मला दिसलं तरी, चंद्रपूरचं किंवा आसामचं असलं काही चुकलेलं असेल तर मी बिनधास्त पाठ करून बसलो असणार. म्हणून आता नियम केलाय, शंका आली की बालभारतीचं पुस्तक उघडायचं, पाचवी ते दहावीची सगळी पीडीएफ फुकट मिळतात, आणि कंबाईनसाठी आयोगाच्या वेबसाइटवरच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि अंतिम उत्तरतालिका.

एक गोष्ट कोणत्याच रिव्ह्यूत लिहिलेली बघितली नाही म्हणून सांगतो. हे ॲप प्रश्न परत विचारताना पर्यायांची जागा बदलत नाही. त्यामुळं तिसऱ्या-चौथ्या वेळेला तुम्ही उत्तर आठवत नसता, ‘हा प्रश्न, म्हणजे खालनं दुसरा’ एवढंच आठवतंय, बोट आधी जातंय आणि डोकं मागनं. स्कोर मस्त ८५-९० दिसतो, लीडरबोर्डवर नाव वर, आणि बाहेरचा कोरा पेपर हातात घेतला की साठ-बासष्ट. माझा रूम पार्टनर आणि मी यावर एक जुगाड काढलाय, रात्री जेवण झाल्यावर एकानं फोन धरायचा आणि नुसता प्रश्न वाचायचा, पर्याय सांगायचेच नाहीत. दुसऱ्यानं तोंडी उत्तर द्यायचं. पहिल्या दिवशी दोघांची पण वाट लागली. पण हे चालू केल्यापासनं अभ्यासिकेतल्या टेस्टला फरक पडलाय, तेवढा तो ॲपच्या प्रीमियम मॉक टेस्टनी पडला नव्हता.

मॉकचं सांगायचं तर प्रश्न जवळजवळ सगळे वन लायनर. पोलीस भरतीला आणि तलाठीला ठीक आहे, तिथं साधारण तसंच येतंय. माझी आत्तेबहीण तलाठीचं करतीय, तिला हेच ॲप आवडतं आणि तिचं बरोबर पण आहे. कंबाईनवाल्यांनी यावर विसंबून राहू नका, आयोग विधानं देतो, ‘फक्त अ आणि ब’, ‘वरीलपैकी सर्व’, तिथं वन लायनरचं पाठांतर तीन विधानांपैकी एकाला पुरतंय, बाकी दोन तुमची तुम्ही. निगेटिव्हचं (चुकीच्या उत्तराला मार्क कापायचं) बटण सेटिंगमध्ये आत कुठंतरी लपवलंय आणि आधीपासनं बंद असतंय. ते परीक्षेप्रमाणं लावून घ्या कारण खेळ बदलतो. पोलीस भरतीला निगेटिव्ह नाही, एकही गोल रिकामा ठेवायचा नाही. कंबाईनला पाव मार्क जातो, तिथं चारातला एक पर्याय जरी खात्रीनं कटला तर अंदाजानं मारण्यात फायदा आहे. रेल्वेला एक तृतीयांश जातंय, म्हणजे चारही पर्याय सारखेच वाटत असताना मारलं तर हिशोबानं हातात शून्य, सोडून पुढं जावा. हा फरक अंगवळणी पडायला मॉक पाहिजे आणि त्या कामासाठी हे मॉक चालतात, प्रश्न कसेही असोत.

बाकी किरकोळ. पैसे भरूनही जाहिराती येतात, त्यांच्याच दुसऱ्या कोर्सच्या. रात्री अकराला ‘तुमचा स्पर्धक तुमच्या पुढे गेला!’ असलं नोटिफिकेशन, ते पहिल्या दिवशीच बंद करा. ऑफलाइन डाउनलोड आहे आणि ते नीट चालतंय, गावाकडं गगनबावड्याच्या बाजूला रेंज नसते तिथं मी आरामात सोडवलेत, याला पूर्ण मार्क. फोन जुना असेल तर लीडरबोर्ड उघडताना हँग होतंय, तसाही तो उघडून काही मिळत नाही. किंमत वर्षाची बघितली तर एका जाडजूड ठोकळ्याएवढी (जीकेच्या गाईडएवढी) आहे, पण पूर्ण किमतीत कोणी घेऊ नका, सणासुदीला निम्म्यावर येतंय.

कुणी घ्यावं? ज्याचं वाचन एकदा झालंय आणि आता विसरायला होतंय त्यानं. ज्यानं अजून पुस्तकच उघडलं नाही त्यानं आधी बालभारती आणि एक नकाशा घ्यावा, नाहीतर चुकलेल्यांच्या यादीत अख्खा प्रश्नसंच जाऊन बसेल आणि आठवड्याभरात ॲप डिलीट होईल. मला विचाराल तर पाचपैकी तीन, त्यातले दोन त्या एका टॅबचे. वर्ष संपल्यावर परत वर्षाचा पॅक घेणार नाही, तीन महिन्यांचा असतो तो लेखीची तारीख आल्यावर घेईन, आणि तोपर्यंत यादीतले उरलेले प्रश्न वहीत उतरवून घेतोय कारण पॅक संपला की ती यादी पण लॉक होतीय, हे त्यांनी कुठं लिहिलेलं नाही पण पार्टनरचा पॅक गेल्या महिन्यात संपला तेव्हा कळालं.