डोक्यातून घालायचा पट्टा: हळद्याबरोबर आठ महिने

बेळगावच्या वडगावात मी ब्लाउज शिवते. दिवसभर पट्टी, टाका, शिवण याच्याशीच गाठ. तरी पोपटाला बाहेर न्यायचा पहिला पट्टा आणला तेव्हा मी तो उलटा करून बघितला नाही, आणि भोगलं हळद्यानं.

हळद्या म्हणजे आमचा सन कॉन्यूर जातीचा पोपट, तीन वर्षांचा, ११२ ग्रॅम वजनाचा. मागच्या आंब्यावर हळद्या पक्षी येतो, तसाच पिवळा दिसतो म्हणून सासूबाईंनी ते नाव ठेवलं. आपला हिरवा राघू पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मनाई आहे. कॉन्यूर दक्षिण अमेरिकेतला, तो ठेवता येतो, खरं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. आम्ही केली आहे.

पहिला पट्टा पक्ष्यांच्या एका दुकानातला, ३५० रुपयांचा. प्लास्टिकचं बकल, आणि नायलॉनची कापलेली कड जाळून बंद केलेली. अशी कड गार झाल्यावर सुरीसारखी होते, हे मला कुणी सांगायला नको होतं. दोरी साधी, जराही न ताणणारी. तिसऱ्या दिवशी गच्चीवर होतो, वरून घार गेली. हळद्या दचकून सुटला, दोरी संपली, हवेतच हिसका बसला आणि तो कठड्यावर आपटला. काखेतली पिसं निघून लाल चट्टा पडला. आठवडाभर तो माझ्या खांद्यावर आला नाही. हाक मारली की मान फिरवायचा.

जनावरांच्या डॉक्टरांनी तेव्हा समजावून सांगितलं. पक्ष्याच्या छाती-पोटामध्ये आपल्यासारखा श्वासाचा पडदा नसतो. छातीचं हाड हलवूनच तो हवा आत घेतो. छातीवर पट्टा आवळला तर चोच उघडी असूनही तो गुदमरतो. पायात साखळी घालून उडवणं तर त्याहून वाईट, एका हिसक्यात पाय मोडतो.

आता वापरते तो ऑनलाइन मागवलेला, २२०० रुपयांचा. बकल नाही. एकच सलग पट्टी, एक फास डोक्यातून जातो, दुसरा पंखांमागून येतो आणि पाठीवर सरकवून बसवायचा. मी भिंग घेऊन बघितला. पट्टीवर पट्टी येते तिथं चौकोनात फुलीची शिवण आहे, टोकाला मागं-पुढं टाके घेऊन पक्की केलेली, कड आत दुमडलेली. दोरीत रबर आहे, त्यामुळे पक्षी टोकाला पोचला की ती हळूहळू ओढून धरते. माप त्याच्या वजनावरून घ्या, आणि घातल्यावर पिसांखालून करंगळी सरकते का बघा. सरकली नाही तर बाहेर पडूच नका.

घालायला शिकवायला मला पाच आठवडे लागले. जबरदस्तीनं एकदाही घातला नाही. आधी पट्टा नुसता टेबलावर ठेवला, शेजारी राळ्याचं कणीस. मग कणीस फासाच्या पलीकडं धरलं, म्हणजे खायचं तर मान आत घालावी लागणार. मान आठ-दहा दिवसांत आली. पंख उचलू द्यायला मात्र पुढचे तीन आठवडे गेले, रोज दोन मिनिटं, तो मागं सरला की मीही थांबायची. ज्यांचा पक्षी अजून बोटावर नीट बसत नाही त्यांनी हे पैसे इतक्यात घालवू नयेत.

उणं एवढंच की कॉन्यूरची चोच सारखी दोरीवर जाते. प्रत्येक फेरीनंतर मी दोरी बोटांतून ओढून बघते. सातव्या महिन्यात रबर सैल वाटलं, तेव्हा नुसती दोरी वेगळी मागवावी लागली आणि ती महाग पडली.

सकाळी सातनंतर आम्ही व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या मैदानावर जातो. कोवळं ऊन अंगावर घेतो. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा त्याला ड जीवनसत्त्वासाठी उपयोग नाही, त्यातले हवे ते किरण काच अडवते. पहिल्यांदा वाऱ्यावर उडाला तेव्हा त्याचे पंख वेगळेच वाजले. घरात तो फडफड करत चार हात जातो, इथं शेपूट पसरून वाऱ्यावर क्षणभर तसाच टेकला. मी दोरी धरून रडले.

तिथं फिरायला येणारी पोरं विचारतात, "काकू, पट्टा कशाला? मोकळा सोडा की. राजहंसगडावरून सोडूया, व्हिडिओ करूया." व्हिडिओतले मकाव, म्हणजे मोठे रंगीत पोपट, डोंगरावरून झेप घेतात ते त्यांनाही आवडतं, मलाही. खरं ते पक्षी पहिल्यांदा पंख फुटतात त्याच आठवड्यांत मोकळ्या रानात शिकलेले असतात, बऱ्याचदा उडणाऱ्या जुन्या पक्ष्यांबरोबर. वारा, उंची, शिक्रा, परतीची वाट, सगळं त्या वयात अंगात मुरतं. घरात वाढलेल्या पक्ष्याला वर चढता येतं. उंचावरून खाली उतरणं हे वेगळं कसब आहे, आणि ते त्याला येत नाही.

हे मी बघितलं आहे. हळद्याच्या आधी आमच्याकडं कॉकटील जातीचा छोटा पोपट होता, मोत्या. वळवाच्या वाऱ्यात दार उघडं राहिलं आणि तो शेजारच्या नारळाच्या शेंड्यावर जाऊन बसला. मी खालून शिट्टी वाजवली की प्रत्येक वेळी तो उत्तर द्यायचा. पुढं वाकायचा, पंख उघडायचा, परत मिटायचा. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं असेच बोलत होतो. रात्री पाऊस आला. सकाळी शेंडा रिकामा होता.

हळद्या घरात हाकेला दहातून नऊदा येतो. त्या दहाव्या वेळेसाठी पट्टा आहे.

सध्या पाऊस लागून आहे, बाहेर जाणं बंद. पट्टा साध्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून मशीनच्या खुंटीला टांगला आहे. दुपारी मी शिवायला बसले की हळद्या उडत येऊन खुंटीवर बसतो आणि फासात मान घालून माझ्याकडं बघत राहतो.