स्की रिसॉर्टच्या उतारावर डिस्क गोल्फ : हंगामभर खेळून झाल्यावर

डिस्क गोल्फ म्हणजे फ्रिस्बीसारखी डिस्क कमीत कमी फेकींत साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये टाकायचा खेळ. बर्फ वितळला की अनेक स्की रिसॉर्ट त्याच उतारांवर डिस्क गोल्फच्या बास्केट उभ्या करतात. लिफ्टने वर जायचं आणि एकेक होल (पहिल्या फेकीपासून बास्केटपर्यंतचा टप्पा) करत खाली यायचं. उन्हाळाभर खेळून माझं मत असं झालंय: सपाट मैदानावर लांब फेकणाऱ्याची चलती असते, इथे डिस्क टेकल्या जागी थांबवणाऱ्याची.

आधी हवेचं. तीन हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण पाव हिश्श्याने विरळ असते. डिस्कला उचल कमी मिळते आणि खालच्या मैदानात सरळ जाणारी डिस्क इथे लवकर डावीकडे झुकते (उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्यांची). त्यात उतारावर ती जमिनीला टेकायला वेळ घेते, म्हणजे झुकायला आणखी सवड. ओव्हरस्टेबल, म्हणजे मुळातच डावीकडे वळणारा ड्रायव्हर (लांब फेकायची डिस्क) त्यामुळे बॅगेत नुसतं ओझं झाला आणि हवेत जास्त तरंगणारी, उजवीकडे वळू पाहणारी अंडरस्टेबल डिस्क हातात आली. पण हे सकाळपुरतं! ऊन तापलं की वारा उतारावरून वर चढायला लागतो. खाली फेकताना तो समोरून येतो आणि तीच अंडरस्टेबल डिस्क उलटून उजवीकडे रानात. तेव्हा जड, स्टेबल म्हणजे सहज न उलटणारी मिडरेंज (मध्यम पल्ल्याची डिस्क) बरी. चढावरच्या होलला मात्र हलकी डिस्कच सोयीची.

खरी परीक्षा बास्केटपाशी. डिस्क आपल्या कडेवर उभी पडली की गाडीचं चाक निखळावं तशी गडगडत सुटते. बास्केटच्या खालच्या बाजूला जमीन तुटलेली असेल तर मी थेट साखळ्यांकडे पट (बास्केटजवळून मारायची शेवटची फेक) मारतच नाही. वरच्या बाजूला पसरट, हळू टाकतो आणि एक थ्रो जास्त गेला तरी चालवून घेतो. शिवाय बास्केटपासून दहा मीटरच्या आतला नियम आहेच: डिस्क सोडल्यावर मार्करच्या (आधीची डिस्क थांबली तिथल्या खुणेच्या) मागे तोल सावरलेला दिसला पाहिजे, मगच पुढे पाऊल. उताराकडे तोंड असताना अंग आपोआप पुढे झुकतं. पाय फाकवून, गुडघे वाकवून, नुसत्या मनगटाने टाकायची सवय लागायला मला बराच वेळ लागला.

बुटांवर पैसे खर्च करा, डिस्कवर नंतर. तळव्याला खोल खाचा हव्यातच, कारण पाणी वळवायला उतारावर खणलेले आडवे चर गवताखाली दिसत नाहीत. डिस्कही तिथेच हरवतात. पिवळी डिस्क तर नकोच. जुलैत पिवळी रानफुलं फुलली की ती समोर असून दिसत नाही.

डोंगर म्हटला की प्रत्येक कोर्स असाच, असं नाही. अमेरिकेतल्या व्हर्माँटच्या स्मगलर्स नॉच रिसॉर्टवर 2018 आणि 2023 साली प्रो वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली; तिथले कोर्स पायथ्याशी आहेत. नवख्याने अशाच ठिकाणी सुरुवात करावी.

मी जिथे खेळतो तिथे एक तक्रार कायम राहिली. पुढचा टी (होलची पहिली फेक करायची जागा) कुठे आहे ते सांगणाऱ्या पाट्या जेमतेम आहेत आणि चुकून खाली उतरलं तर तेवढंच परत चढावं लागतं. लिफ्टचा भरवसाही सकाळचाच. दुपारी ढग दाटून वीज कडाडली की लिफ्ट बंद होते. त्यामुळे मी पहिल्याच लिफ्टने वर जातो आणि दुसरी फेरी खेळायची झाली तर पायथ्याच्या होलांवरच खेळतो.