फॉलकर्कचे केल्पी: आतून जरूर बघा

भोसरीत फॅब्रिकेशनच्या कामात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे पोलादी शिल्प म्हटलं की माझी नजर आधी जोडांवर जाते. मुलगा ग्लासगोला असतो, तोच मला स्कॉटलंडमधल्या फॉलकर्कला घेऊन गेला. कालव्याकाठी घोड्यांची दोन पोलादी मुंडकी उभी आहेत, हेच केल्पी (स्कॉटिश लोककथांतल्या पाण्यातल्या घोड्याचं नाव): ३० मीटर उंच, प्रत्येकी ३०० टन. एकाची मान खाली, दुसऱ्याची आभाळाकडे.

बाहेरून फोटो काढून परत फिरू नका, तिकीट काढून आत जा. आत पाइपांचा सांगाडा उघडा दिसतो. पत्र्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवल्यात, त्यातून उजेडाच्या पट्ट्या अंगावर पडतात. जबड्याचा बाक सपाट तुकड्यांतून साधलाय! मी पाच मिनिटं मान वर करून तिथेच उभा होतो, मुलगा हाका मारत होता.

फोर्थ अँड क्लाइड कालवा १७९० मध्ये पूर्ण झाला, १९६३ मध्ये बंद पडला आणि २००१ मध्ये पुन्हा सुरू झाला. जुन्या काळी काठावरून चालत घोडेच इथल्या बोटी ओढायचे. शिल्पकार अँडी स्कॉट यांनी २०१३ मध्ये त्याच कष्टाळू क्लाइड्सडेल घोड्यांना इथं उभं केलं. काम सोपवणाऱ्यांनी त्या जागेचा घाम ओळखला, हे मला फार भावलं. कुण्या सरदाराचा पुतळा इथं शोभला नसता.

वारा बोचरा असतो, कानटोपी न्या. अंधार पडेपर्यंत थांबा, आतले दिवे लागतात.