जॉन्सन की मॅन्सफील्ड? सिनेटमधील थोर नेतृत्व कशावर जोखावे

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची क्रमवारी लावणे तुलनेने सोपे असते, कारण कारकिर्दीतले बरेवाईट सारे एकाच व्यक्तीच्या नावावर जमा होते. विधिमंडळातील नेत्याचे तसे नसते. कायदा अनेकांच्या मतांनी होतो, त्यावर सही दुसऱ्याची असते, आणि तो घडवून आणणाऱ्याचे बरेचसे काम बंद दाराआड झालेले असते. 1957 मध्ये खुद्द सिनेटने जॉन केनेडी यांच्या अध्यक्षतेखालील समितीमार्फत आपल्या इतिहासातील पाच थोर सदस्य निवडले. हेन्री क्ले, डॅनियल वेब्स्टर, जॉन कॅलहून, रॉबर्ट ला फॉलेट आणि रॉबर्ट टाफ्ट ही ती नावे. या निवडीत वक्तृत्व आणि वैचारिक ठामपणा यांना मोठे स्थान मिळाले. सभागृह चालवण्याचे कसब मात्र, क्ले यांचा अपवाद सोडला तर, बाजूलाच राहिले. टाफ्ट बहुमत पक्षनेते होते खरे, पण तेही 1953 मध्ये जेमतेम काही महिने.

म्हणून अभ्यासासाठी किंवा अध्यापनासाठी एकच विधिमंडळ नेता निवडायचा असेल, तर एकाच पदावर लागोपाठ बसलेली आणि एकाच प्रश्नाला सामोरी गेलेली दोन माणसे शेजारी ठेवून पाहावीत, असे मला वाटते. टेक्ससचे लिंडन जॉन्सन 1955 ते 1961 या काळात सिनेटमधील बहुमत पक्षनेते होते आणि त्यांच्यानंतर मोंटानाचे माइक मॅन्सफील्ड 1977 पर्यंत, म्हणजे सलग 16 वर्षे, त्याच पदावर राहिले. दोघेही डेमोक्रॅट, आणि दोघांपुढचा सर्वांत कठीण प्रश्न कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचा.

आपल्या वाचकाने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर आपल्याकडे पक्षादेश मोडणाऱ्याची आमदारकी किंवा खासदारकी जाऊ शकते. अमेरिकन सिनेटरला असे कोणतेही भय नसते. पक्षनेत्याकडे आदेश देण्याचा अधिकार नसतो, असते ती केवळ मन वळवण्याची ताकद.

ही ताकद जॉन्सन यांच्याइतकी क्वचितच कोणी वापरली असेल. समोरच्या सदस्याच्या अगदी अंगाशी जाऊन, त्याची हौस, भीती आणि मतदारसंघाची गरज एकाच वेळी ओळखून ते बोलत. प्रत्येक नवख्या डेमोक्रॅट सदस्याला एका तरी महत्त्वाच्या समितीवर जागा देण्याची प्रथा त्यांनी 1953 मध्ये, अल्पमतातील नेते असताना, सुरू केली. ज्येष्ठतेच्या जुन्या रिवाजाला तो मोठा धक्का होता, आणि त्यामुळे नवे सदस्य त्यांचे ऋणी झाले, हेही तितकेच खरे. बहुमत पक्षनेते झाले तेव्हा त्यांच्या पक्षाची आघाडी एक-दोन जागांचीच होती. तरीही मतदानापूर्वीचा त्यांचा मतांचा अंदाज सहसा चुकत नसे.

1957 चा नागरी हक्क कायदा हा या कौशल्याचा सर्वोत्तम नमुना. दक्षिणेकडील सदस्यांनी एकजुटीने अडवणूक करू नये म्हणून जॉन्सन यांनी विधेयकातील कणखर तिसरे प्रकरण, म्हणजे नागरी हक्कांसाठी सरकारला थेट न्यायालयात जाऊ देणारा भाग, जाऊ दिले आणि न्यायालयाच्या अवमानाच्या खटल्यांत ज्यूरीची तरतूद घालू दिली. दक्षिणेतील गोऱ्या ज्यूरीकडून मतदानाचा हक्क डावलणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा होणे दुरापास्त होते, हे सर्वांना ठाऊक होते. त्या दुरुस्तीसाठी पश्चिमेकडील सदस्यांची मते हवी होती, आणि त्यांना वायव्येकडील हेल्स कॅन्यन या दरीत सरकारी धरण हवे होते. दक्षिणेच्या मतांनी सिनेटमध्ये धरणाचे विधेयक पार पडले आणि दुरुस्ती 51 विरुद्ध 42 मतांनी मंजूर झाली. धरण पुढे कनिष्ठ सभागृहात अडले ते अडलेच. कायदा मात्र झाला, 1875 नंतरचा पहिला नागरी हक्क कायदा. तो दुबळा होता, पण सिनेट असा कायदा करू शकते हे सिद्ध झाले, आणि हे श्रेय जॉन्सन यांच्यापासून हिरावून घेता येणार नाही.

1960 मध्ये मात्र त्यांच्या पद्धतीची मर्यादा उघडी पडली. चर्चा लांबवून विधेयक मारण्याचा, म्हणजे फिलिबस्टरचा, डाव मोडण्यासाठी त्यांनी सभागृह रात्रंदिवस चालवले, सदस्यांसाठी खाटा मांडल्या. विरोधक पाळ्या लावून बोलत आणि विश्रांती घेत; गणसंख्येसाठी 51 जणांना सतत हजर ठेवण्याचा भार मात्र विधेयकाच्या समर्थकांवरच पडला. थकले ते समर्थकच. चर्चाबंदीचा प्रस्ताव 42 विरुद्ध 53 मतांनी पडला आणि शेवटी झालेला कायदाही सौम्यच राहिला.

1964 मध्ये हाच पेच मॅन्सफील्ड यांच्यापुढे आला. नागरी हक्कांची विधेयके गाडून टाकणाऱ्या जेम्स ईस्टलंड यांच्या न्यायविषयक समितीला वळसा घालून त्यांनी विधेयक थेट सभागृहाच्या कामकाजात आणले, आणि रात्रभर बैठका घ्यायला ठाम नकार दिला. विधेयकाची धुरा डेमोक्रॅट सिनेटर ह्युबर्ट हम्फ्री यांच्याकडे सोपवली. रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांच्या मतांवाचून चर्चाबंदीसाठी लागणारा दोन तृतीयांशांचा पल्ला गाठणे अशक्य होते, म्हणून वाटाघाटी डर्कसन यांच्या कार्यालयात होऊ दिल्या आणि प्रसिद्धीचा झोतही त्यांच्यावरच राहू दिला. 10 जून रोजी चर्चाबंदी 71 विरुद्ध 29 मतांनी मंजूर झाली. नागरी हक्कांच्या विधेयकावर असे पूर्वी कधीच घडले नव्हते. मेंदूच्या गाठीमुळे वाचा गेलेले कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना त्या दिवशी चाकाच्या खुर्चीवरून आणले होते, आणि नाव पुकारल्यावर त्यांनी डोळ्याकडे बोट नेऊन होकार दर्शवला. त्या 71 मतांत 27 रिपब्लिकनांची होती. व्हाइट हाउसमधून रेटा लावणारे जॉन्सनच होते, त्यामुळे यशात त्यांचाही मोठा वाटा आहे. पण सभागृहातील पद्धत त्यांची नव्हती.

ती पद्धत योगायोगाने आलेली नव्हती. मॅन्सफील्ड यांचे नेतृत्व मवाळ आहे अशी टीका 1963 मध्ये त्यांच्याच पक्षातून झाली, तेव्हा त्यांनी उत्तराचे भाषण तयार केले. आपण सर्कशीतले सिंह माणसाळवणारे नाही, सर्व सदस्य समान आहेत आणि जबाबदारी साऱ्या सभागृहाची आहे, असा त्याचा आशय होता. भाषण 22 नोव्हेंबरला व्हायचे होते. त्याच दिवशी केनेडी यांची हत्या झाली आणि भाषण नंतर केवळ सभागृहाच्या नोंदीत समाविष्ट झाले.

माझा कौल मॅन्सफील्ड यांच्याकडे आहे. मते कशी जमवतात हे समजून घ्यायचे असेल तर जॉन्सन यांची 1957 ची मोहीम निवडावी, तिला तोड नाही. परंतु जॉन्सन उपराष्ट्राध्यक्षपदी निवडून येताच, त्यांनी पक्षाच्या बैठकीचे अध्यक्षपद सांभाळत राहावे या प्रस्तावाला 17 डेमोक्रॅट सदस्यांनी विरोधी मत दिले. ज्यांच्यावर इतके उपकार केले, त्यांनाच तो वचक नकोसा झाला होता. उलट मॅन्सफील्ड यांच्या काळात समित्या आणि तरुण सदस्य स्वतःच्या बळावर उभे राहिले.

कौल देताना त्यांच्या खात्यातील दोन उण्या बाजूही मांडाव्या लागतील. अडवणूक चालू असताना दुसरे कामकाज समांतर चालवण्याची सोय 1970 च्या दशकाच्या आरंभी त्यांच्याच काळात झाली, आणि फिलिबस्टर करणाऱ्याला उभे राहून बोलण्याचीही गरज उरली नाही. आजच्या सिनेटच्या कोंडीचे एक मूळ तेथे आहे. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. व्हिएतनामबद्दल त्यांना खोल शंका होत्या, त्या त्यांनी राष्ट्राध्यक्षांना खाजगीत कळवल्याही. पण ऑगस्ट 1964 मध्ये व्हिएतनाममध्ये लष्करी बळ वापरण्याची मुभा राष्ट्राध्यक्षांना देणारा टोंकिनच्या आखाताचा ठराव आला तेव्हा त्यांनी त्याला साथ दिली आणि तो 88 विरुद्ध 2 मतांनी संमत झाला. राष्ट्राध्यक्ष तेव्हा लिंडन जॉन्सन होते.