मेटा साऊंड कलेक्शन: दुकानाच्या रीलला बिनधोक, गणपतीत मात्र तोकडं

बिझनेस अकाउंटवर ट्रेंडिंग गाणी दिसत नाहीत, हा ॲपचा बिघाड नव्हे. इन्स्टाग्रामवरच्या फिल्मी गाण्यांची परवानगी वैयक्तिक वापरापुरती असते. धंद्यासाठी मेटाने, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीने, साऊंड कलेक्शन नावाचा संगीतसंग्रह ठेवलाय. त्यातले ट्रॅक आणि साऊंड इफेक्ट फुकट आहेत आणि जाहिरातीतही चालतात.

वापर सोपा आहे. कॉम्प्युटरवर फेसबुक लॉगिनने उघडा, मूड आणि लांबीचे फिल्टर लावा, ट्रॅक उतरवून घ्या आणि एडिटिंगमध्ये बसवा. साडीच्या किंवा मिठाईच्या क्लोजअपला नुसतं वाद्यसंगीत घेतलेलं बरं, वर किंमत सांगणारा आवाज टाकता येतो. ट्रॅकचं नाव, कलाकार आणि उतरवल्याची तारीख एका शीटमध्ये टिपून ठेवा. उद्या रील म्यूट झाली तर हरकत घेताना तेवढंच हाताशी असतं.

खरी मेख पुढे आहे. ही परवानगी मेटाच्या प्लॅटफॉर्मपुरतीच. तीच फाइल यूट्यूब शॉर्ट्सवर चढवली किंवा दुकानातल्या टीव्हीवर फिरवली की परवानगी संपली. म्हणून संगीताशिवायची मूळ प्रत जपून ठेवा आणि यूट्यूबसाठी त्यांच्या ऑडिओ लायब्ररीतला ट्रॅक लावा. तिथे काही ट्रॅकना वर्णनात श्रेय देणं सक्तीचं असतं.

पळवाटा सगळ्यांना ठाऊक आहेत: अकाउंट पर्सनल करणं, नाहीतर दुकानात गाणं वाजवून ‘ओरिजिनल ऑडिओ’ म्हणून चढवणं. दोन्हींनी जोखीम तसूभरही कमी होत नाही. ‘पंधरा सेकंद चालतात’ असं कलम कॉपीराइट कायद्यात कुठेच नाही. कलम 63 नुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. व्यापारी फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय यापेक्षा कमी शिक्षा देऊ शकतं, पण माल विकणाऱ्या रीलने ती सवलत मागायची कुठल्या तोंडाने? टिकटॉकवर गाणं मिळतंय म्हणजे वापरता येतं, हा बचाव अमेरिकेत बँग एनर्जी या पेयाच्या कंपनीने करून पाहिला. 2022 मध्ये न्यायालयाने तो फेटाळला.

कलेक्शनची उणीव सणासुदीला जाणवते. बहुतेक संगीत पाश्चात्त्य धाटणीचं आहे, गणपती-दिवाळीच्या रीलला ते ओढूनताणून लावल्यासारखं वाटतं. ‘सुखकर्ता दुखहर्ता’चे शब्द सर्वांचे आहेत, पण बाजारातलं रेकॉर्डिंग कंपनीचं असतं, ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो. त्यापेक्षा गल्लीतल्या ढोल-ताशा पथकाकडून मिनिटभर वादन रेकॉर्ड करून घ्या आणि लेखी परवानगी घ्या. कागदावर कुठल्या प्लॅटफॉर्मवर, जाहिरातीत की नाही, किती काळ आणि कुठल्या प्रदेशात, हे सगळं स्पष्ट असू द्या. मुदत लिहिली नाही तर कायदा ती 5 वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दुबईतल्या गिऱ्हाइकांना रील दाखवायची असेल तर ती ओळ आधीच घाला.