बॉल्डर्स गेट ३, कित्येक महिन्यांनंतर: हरणाऱ्यासाठीही लिहिलेला गेम

ऑगस्ट २०२३ मध्ये हा रोल-प्लेइंग गेम (एका पात्राची भूमिका घेऊन कथा पुढे न्यायची) आला तेव्हाच त्याचं कौतुक करून झालंय. ग्राफिक्स, आवाज, अभिनय, वर्षातला सर्वोत्तम गेम वगैरे. ते सगळं खरं आहे, त्यात मी भर घालत नाही. मी उशिरा घेतला आणि गेले कित्येक महिने दुसरा गेम धड उघडलेला नाही. एवढं खेळल्यावर मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की तो बनवणाऱ्या लॅरियन स्टुडिओच्या पठ्ठ्यांनी हरणाऱ्या खेळाडूसाठीसुद्धा मन लावून लिहिलंय.

संवादात अडलं की वीस बाजूंचा फासा पडतो. गाठायचा आकडा समोर असतो, समजा १५. तुमचं पात्र कितीही गोडबोलं असो, फाशावर १ आला की खेळ खलास. इथे बहुतेकांचं बोट आपसूक एफ८ या कळीवर जातं आणि जुना सेव्ह लोड होतो. माझं म्हणणं आहे, जाऊ देऊ नका.

याच गेमच्या दुसऱ्या भागातलं एक उदाहरण देतो (स्पॉइलर आहे, नको असेल त्याने पुढचा परिच्छेद सोडावा).

लास्ट लाइट नावाच्या सरायीभोवती इसोबेल नावाच्या बाईने संरक्षक कवच धरून ठेवलंय, म्हणून आतली माणसं बाहेरच्या शापापासून वाचलीत. तिच्याशी बोलायला वरच्या मजल्यावर गेलात की हल्ला होतो. त्यात ती पडली तर शत्रू तिला उचलून नेतात, कवच जातं आणि आतली माणसं शापाने पछाडून तुमच्यावरच चालून येतात. इथवर ठीक, असं इतर गेममध्येही घडतं. पण त्या सरायीत डॅमन नावाचा लोहार असतो. तुमची एक सोबतीण आहे कारलॅक, तिच्या छातीत हृदयाच्या जागी धगधगतं इंजिन आहे, त्यामुळे तिला कोणाला स्पर्श करता येत नाही. तिचं इंजिन ताळ्यावर आणणारा हाच डॅमन. पहिली दुरुस्ती तुम्ही आधीच करून घेतलेली असते, दुसरी त्याने इथे करायची असते. तो गेला की ती दुरुस्ती गेली. म्हणजे वरच्या खोलीतली एक लढाई हरलात आणि त्यापायी तुमच्या सोबतिणीला आता कोणाला मिठी मारता येणार नाही! गेम हे तुम्हाला समजावून सांगत बसत नाही. आपल्यालाच नंतर कधीतरी लक्षात येतं आणि पोटात गोळा येतो.

लहान गोष्टींतही हीच नजर. मेलेल्याशी बोलायचा मंत्र आहे, एका प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात. पण त्याला तुम्हीच मारलं असेल तर ते तुमच्याशी बोलायला तयार होत नाही. मग वेष पालटायचा मंत्र टाका, वेगळ्या चेहऱ्याने जा, प्रेत बोलतं. हे किती जण करून बघणार? तरी केलंय.

हे सगळ्यांना का जमत नाही? स्कायरिम या गेममध्ये महत्त्वाच्या पात्राला कितीही हाणा, ते गुडघ्यावर बसतं, दम खातं आणि परत उठतं. कथा मोडू नये म्हणून तो बनवणाऱ्या बेथेस्डाने काढलेला हा सोपा मार्ग. ऑब्सिडियन या दुसऱ्या स्टुडिओने २०१० मध्ये बेथेस्डाच्याच इंजिनवर (गेम ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरवर) फॉलआउट: न्यू व्हेगास हा गेम केला, तोही साधारण दीड वर्षात, आणि जवळपास कोणालाही मारायची मुभा दिली. सगळ्या गटांशी वाकडं घेतलंत तरी येस मॅन नावाचा रोबो उरतोच. त्याला उडवला तर नव्या खोक्यात परत हजर, तितकाच हसतमुख. कथा चालू ठेवायची सोयही झाली आणि विनोदही झाला. डोकं लागतं याला. डिस्को एलिझियम तर त्याहून वरचढ. तब्येतीचे पॉइंट कमी ठेवलेत तर सुरुवातीच्याच खोलीत पंख्याला अडकलेला टाय काढताना हृदयविकाराने मरता येतं. त्यात फासा चुकला की बरेचदा जिंकण्यापेक्षा सरस प्रसंग बघायला मिळतो. उलट सायबरपंक २०७७. शहर अप्रतिम, पण सुरुवातीला निवडलेली तीन वेगवेगळी आयुष्यं थोड्याच वेळात एकाच रस्त्याला लागतात आणि मग अधूनमधून एखाद्या वाक्यापुरती उरतात.

लॅरियनचंही सगळंच गोड नाही. पहिला भाग जवळपास तीन वर्षं अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये (गेम पुरा व्हायच्या आधीच विकत घेऊन खेळायची सोय) लोकांच्या हातात होता, तो घासूनपुसून लखलखीत झालाय. तिसऱ्या भागात शहरात पोचलात की क्वेस्ट (कामगिऱ्या) अंगावर कोसळतात आणि कुठलाच धड मनाला भिडत नाही. पात्राची लेव्हल बारावर थांबते, आणि इकडेतिकडे सगळं करत फिरणारा माणूस शेवटाच्या बराच आधी तिथे पोचतो. मग लढायांत ती मजा राहत नाही. इन्व्हेंट्रीबद्दल, म्हणजे सोबतच्या सामानाच्या यादीबद्दल, न बोललेलं बरं.

खरी तक्रार छावणीची. सोबत्यांचे सगळ्यात चांगले प्रसंग रात्री मुक्काम केल्यावरच घडतात. जपून खेळणारे, मंत्र वाचवून ठेवणारे लोक मुक्काम कमी करतात, त्यामुळे प्रसंग रांगेत अडकतात आणि काही तर कायमचे हुकतात. चांगलं खेळण्याची ही शिक्षा झाली. तेव्हा गरज नसली तरी मुक्काम करत जा.

आणि सेटिंग्जमध्ये कर्मिक डाइस म्हणून एक पर्याय आधीपासून चालू असतो. तो सलग वाईट फासे पडू देत नाही. पहिल्याच दिवशी बंद करा. ऑनर मोड (सगळ्यात कठीण पातळी) मात्र एकदा पूर्ण खेळून झाल्यावरच. त्यात सेव्ह एकच असतो, त्यामुळे एफ८ चा प्रश्नच मिटतो.