थिसिससाठी घरोघरी पाहणी की रुग्णालयातील नोंदी?

सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) लिहिण्याची वेळ आली की पुण्यातील पीएसएमच्या (सामाजिक व प्रतिबंधात्मक वैद्यकाच्या) निवासी डॉक्टरांपुढे हा प्रश्न हमखास येतो. आजाराची व्याप्ती, लसीकरण किंवा लोकांची आरोग्यविषयक माहिती यांवर काम करायचे, तर वस्तीत जाऊन दारे ठोठवावीत की ओपीडीच्या केसपेपरांवर भागवावे? वेळेच्या हिशेबात नोंदींचे पारडे जड आहे, हे मान्य. तरीही आधी छेदाचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

व्याप्ती हा अपूर्णांक असतो. अंशात रुग्ण येतात आणि छेदात ज्या लोकसंख्येतून ते आले ती सगळी माणसे. हा छेद केसपेपरवर कुठेच नसतो. एकदा एका रुग्णालयाची नोंदवही चाळताना पत्त्याच्या रकान्यात पानामागून पान नुसते ‘हडपसर’ लिहिलेले दिसले. तापाने फणफणलेले किती हडपसरकर तिथे आलेच नाहीत, हे ती वही कशी सांगणार? दारोदार गेल्याने काय हाती लागते, हे पुण्याने 2020 मध्ये पाहिले आहे. त्या जुलै-ऑगस्टमध्ये पाच प्रभागांतून 1664 जणांचे रक्तनमुने तपासले, तेव्हा सरासरी 51.5 टक्के लोकांत कोविडची प्रतिपिंडे आढळली आणि लोहियानगर-कासेवाडीत हे प्रमाण 65.4 टक्के होते, तर कसबा-सोमवार पेठेत 36.1 टक्के. अधिकृत नोंदींतील रुग्णसंख्या या प्रमाणाच्या जवळपासही नव्हती.

लसीकरणात हा फरक आणखी टोकदार होतो. केंद्राची नोंदवही दिलेले डोस मोजते. न आलेले मूल तिथे दिसत नाही. घरी गेल्यावर 12 ते 23 महिन्यांच्या मुलाची आई रेशनकार्डाच्या पिशवीतून घडी पडलेले लसीकरण कार्ड काढते, त्यावरील तारखा उतरवून घेता येतात, आणि कार्ड हरवले असेल तर निदान डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण पाहता येतो. (व्रण नसला म्हणजे लस दिलीच नाही, असे मात्र धरू नये.) 30 समूहांतून (वस्त्या किंवा गावांतून) प्रत्येकी 7 मुले घेण्याची जुनी पद्धत अजून अनेक गाइड सुचवतात, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शिकेचा भर संभाव्यता नमुनानिवडीवर, म्हणजे प्रत्येकाची निवड होण्याची शक्यता ठाऊक असलेल्या निवडीवर, आहे. सिनॉप्सिसमध्ये ही नवी पद्धत धरावी.

अर्थात, याची किंमत मोजावी लागते. अपेक्षित प्रमाण 50 टक्के आणि चूक 5 टक्के धरली तर साध्या यादृच्छिक निवडीसाठी 384 जण लागतात; समूहनिवडीत एका समूहातील माणसे एकमेकांसारखी असतात, म्हणून नमुना वाढवण्याचा गुणक (डिझाइन इफेक्ट) 2 धरला की 768. एकट्या निवासी डॉक्टरला हे जड जाते. उलट, डेंग्यूचे रुग्ण पावसाळ्यानंतर कोणत्या महिन्यांत वाढतात, दाखल रुग्णांत कोणती गुंतागुंत होते, अशा प्रश्नांना नोंदीच योग्य आहेत. ओळख काढून टाकलेल्या नोंदींसाठी एथिक्स कमिटी संमतिपत्रातून सूटही देऊ शकते.

माहिती आणि समज यांवरील प्रश्नावली ओपीडीच्या रांगेत भरून घेण्याचा मोह टाळावा, कारण तिथे आलेला माणूस उपचारांची वाट आधीच चालू लागलेला असतो. घरीही अडचण आहेच: प्रश्न सुनेला विचारला तरी उत्तर सासूबाई देतात. म्हणून सोबत आशाताई असाव्यात. त्या सासूबाईंशी बोलत बसल्या की सुनेला स्वतःचे उत्तर देता येते.

तेव्हा विषय व्याप्तीचा, लसीकरणाचा किंवा माहितीचा असेल तर एक-दोन प्रभागांपुरती का होईना, घरोघरी पाहणीच निवडावी. कुलूप दिसलेले घर वगळून शेजारचे घेऊ नये. संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी मिळून किमान दोनदा तिथे पुन्हा जावे, कारण दिवसा कुलूप असते ते बहुधा दोघेही कामावर जाणाऱ्यांच्या घराला.